डेन्व्हरचा ३०१ क्रमांकाचा प्रश्न

७ मे २०१९. कोलोराडो राज्याची राजधानी डेन्व्हरमध्ये महापौरपदाची निवडणूक होती. त्याच मतपत्रिकेवर आणखी दोन प्रश्न छापलेले होते, ३०० आणि ३०१. संध्याकाळी सातला मतदान संपलं आणि पहिले आकडे आले तेव्हा ३०१वर ‘नाही’ची बाजू चांगलीच पुढे होती. रात्र चढली तसं अंतर थोडं थोडं घटत गेलं, पण अनेक बातम्यांमध्ये प्रस्ताव पडल्याचं छापून आलं. सायलोसायबिन असलेली अळिंबी, म्हणजे जिला बोलण्यात ‘मॅजिक मशरूम’ म्हणतात ती, बाळगणाऱ्याला शहराने गुन्हेगार मानू नये, असा तो प्रस्ताव होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी चित्र उलटलं. शेवटच्या तासांत आलेल्या मतपत्रिका मोजून झाल्या आणि ‘हो’ची मतं सुमारे ५०.६ टक्क्यांवर गेली. पावणेदोन लाखांच्या वर लोकांनी या प्रश्नावर मत दिलं होतं आणि फरक जेमतेम दोन हजारांचा होता. अमेरिकेतल्या एखाद्या शहराने मतदान घेऊन असा निर्णय करण्याची ही पहिली वेळ.

निकाल असा का फिरला, याचं कारण सरळ आहे. कोलोराडोत प्रत्येक नोंदणीकृत मतदाराच्या घरी टपालाने मतपत्रिका येते. कुणी ती आठवडाभर आधी भरून पाठवतं, कुणी शेवटच्या दिवशी पेटीत टाकतं. लवकर पाठवणाऱ्यांत वयस्कर मतदार जास्त असतात, उशिरा टाकणाऱ्यांत तरुण. आधी आलेल्या मतपत्रिका आधी मोजल्या जातात, म्हणून पहिला आकडा हा साधारणपणे थोरल्यांचा कौल असतो. ३०१च्या बाबतीत थोरल्यांचा आणि धाकट्यांचा कौल इतका वेगळा होता, की मोजणीच्या क्रमातूनच एक पराभव आणि एक विजय जन्माला आला.

पण या प्रकरणाकडे मी वळलो तो या नाट्यामुळे नाही. लोकांनी नेमकं कशाला ‘हो’ म्हटलं, हे फार थोड्यांनी नीट वाचलं, म्हणून वळलो. बातम्यांच्या मथळ्यांत ‘डेन्व्हरने मशरूम कायदेशीर केले’ असं येत राहिलं. आपल्याकडेही ते तसंच पोचलं. ते खरं नव्हतं.

प्रश्नात काय होतं

मतपत्रिकेवरच्या मजकुराचे तीन तुकडे होते. पहिला: एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या माणसाने स्वतःच्या वापरासाठी सायलोसायबिन अळिंबी बाळगणं आणि वापरणं हे शहराच्या पोलिसांच्या कामांच्या यादीत सगळ्यात खाली राहील. दुसरा: अशा माणसाला शिक्षा व्हावी यासाठी शहराने आपला पैसा आणि मनुष्यबळ खर्च करायचं नाही. तिसरा: या नियमाचा परिणाम काय होतो ते पाहून अहवाल देण्यासाठी एक आढावा समिती नेमायची.

स्वतःपुरती अळिंबी वाढवणं यात बसत होतं. विकणं बसत नव्हतं, विक्री गंभीर गुन्हाच राहिली. राज्याचा कायदा बदलला नाही, कारण शहर तो बदलू शकत नाही. केंद्राचा कायदा तर फारच लांब. १९७०च्या नियंत्रित पदार्थ कायद्यात सायलोसायबिन पहिल्या सूचीत आहे. गैरवापराची शक्यता जास्त आणि वैद्यकीय उपयोग मान्य नाही, अशा पदार्थांची ती सूची. हेरॉइन त्याच सूचीत आहे.

थोडक्यात, ३०१ने अळिंबीला परवानगी दिली नाही. शहराच्या पोलिसांना सांगितलं, की या माणसाच्या मागे लागू नका. गुन्हा न मानणं आणि कायदेशीर करणं यात केवढं अंतर आहे, हे आपल्याला भांगेवरून समजायला हरकत नाही. आपल्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याने भांगेच्या पाल्याला गांजाच्या व्याख्येतूनच बाहेर ठेवलं, म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत. डेन्व्हरमध्ये तसं काही झालं नाही. तिथे दुकान नाही, परवाना नाही, पावती नाही. फक्त पोलिसाची नजर दुसरीकडे वळवली.

‘सगळ्यात शेवटचं प्राधान्य’ हा शब्दप्रयोग या मोहिमेने शोधलेला नाही. तो याच शहरात आधी वापरून झाला होता. २००५मध्ये डेन्व्हरच्या मतदारांनी प्रौढांना थोडा गांजा बाळगायची मुभा दिली, तरी पोलीस राज्याच्या कायद्याखाली गुन्हे नोंदवतच राहिले. २००७मध्ये मतदारांनी गांजाला सगळ्यात खालच्या प्राधान्यावर टाकलं. २०१२मध्ये राज्यभर मतदान झालं आणि गांजा कायदेशीर झाला. १ जानेवारी २०१४पासून दुकानं उघडली. ३०१च्या मजकुरात शहराचा पैसा खर्च न करण्याचं कलम इतकं ठळक का, हे या इतिहासावरून उमगतं. पोलिसांना नुसतं ‘लक्ष देऊ नका’ म्हणून भागत नाही, हे २००५ने शिकवलं होतं.

अकरा खटले

विरोधकांचा एक प्रश्न बिनतोड वाटावा असा होता: मुळात इथे अळिंबीसाठी पकडतात तरी कुणाला? डेन्व्हरच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाचा आकडा होता, की २०१६ ते २०१८ या तीन वर्षांत त्यांच्याकडे आलेल्या अमली पदार्थांच्या नऊ हजारांहून जास्त प्रकरणांपैकी सायलोसायबिनचे फक्त अकरा खटले त्यांनी चालवले. अकरा खटल्यांसाठी अख्ख्या शहराचं मतदान कशाला?

मला हा आकडा उलट बाजूने बोलताना दिसतो. ज्या कायद्याखाली शिक्षा जवळजवळ होतच नाही, तो कागदावर राहिला की तो कुणावर लागेल हे पोलिसाच्या मर्जीवर जातं. ज्याच्याकडे बरा वकील आहे, ज्याचा रंग आणि पत्ता पोलिसाला ओळखीचा वाटतो, तो सुटतो. अकरांतला एक होण्याची शक्यता सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. शिवाय त्या वेळी कोलोराडोत थोडी अळिंबी बाळगणं हाही गंभीर गुन्हाच होता, आणि तशी नोंद झाली की तुरुंग टळला तरी नोकरी, भाड्याचं घर, परवाने या सगळ्यांत ती आडवी येते. (त्याच मे महिन्यात राज्याच्या विधिमंडळाचा एक कायदा सही होऊन आला. त्याने असे पदार्थ थोड्या प्रमाणात बाळगणं मार्च २०२०पासून किरकोळ गुन्ह्यात आणलं. ३०१च्या गदारोळात त्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही, आणि प्रत्यक्ष माणसांच्या आयुष्यात त्याचा हिशेब कदाचित मोठा असेल.)

सह्या कुणी गोळा केल्या

नागरिकांनी स्वतः प्रश्न लिहायचा, ठरलेल्या संख्येने मतदारांच्या सह्या आणायच्या, आणि मग तो प्रश्न मतपत्रिकेवर येतो: ही पद्धत आपल्याकडे नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. डेन्व्हरमध्ये त्या वेळी ४,७२६ वैध सह्या लागत होत्या. ‘डिक्रिमिनलाइझ डेन्व्हर’ या गटाने आठ हजारांहून जास्त सह्या दिल्या. छाननीत काही बाद झाल्या, तरी पुरेशा उरल्या. त्याच्या आदल्या वर्षी कॅलिफोर्नियात अख्ख्या राज्यासाठी असाच प्रयत्न झाला होता, तो सह्यांपाशीच अडला. शहर लहान, सह्या कमी, खर्च कमी. सुरुवात शहरापासून करण्यात हे व्यवहारी शहाणपण होतं.

मोहिमेचा प्रमुख होता केव्हिन मॅथ्यूज. वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत तो शिकत होता आणि तीव्र नैराश्यामुळे वैद्यकीय कारणावरून त्याला ती सोडावी लागली. अळिंबीने त्यातून बाहेर यायला मदत केली, हे तो जाहीरपणे सांगत असे. मोहिमेचा सूर त्याच्या या गोष्टीवरच लागला. मौजमजेचं नाव नव्हतं, दुखण्याचं होतं. सैन्यातून परतलेले, कर्करोगाने खचलेले, वर्षानुवर्षं गोळ्या घेऊनही बरं न वाटणारे, अशा लोकांचं म्हणणं पुढे ठेवलं गेलं.

त्याला विज्ञानाचा आधार होता, आणि तो कुठपर्यंत होता हे काळजीपूर्वक सांगायला हवं. २०१६च्या डिसेंबरात जॉन्स हॉपकिन्स आणि न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी इथले दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. गंभीर कर्करोगासोबत आलेली चिंता आणि नैराश्य सायलोसायबिनच्या एका मात्रेनंतर झपाट्याने उतरलं आणि बऱ्याच रुग्णांत ते महिनोन्‌महिने उतरलेलंच राहिलं, असं त्यांत दिसलं. पहिल्या अभ्यासात रुग्ण होते ५१, दुसऱ्यात २९. ऑक्टोबर २०१८मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यावरच्या सायलोसायबिन-उपचाराला ‘ब्रेकथ्रू थेरपी’ हा दर्जा दिला. त्याने चाचण्यांचा वेग वाढतो. औषधाला मान्यता मिळते असा त्याचा अर्थ नाही.

आणि त्या चाचण्यांतली खोली कशी असते? रुग्णाची आधी तपासणी होते. स्वतःला किंवा घरातल्या कुणाला मनोविकृतीचा इतिहास असला तर त्याला घेत नाहीत. मात्रा शुद्ध आणि मोजलेली असते. दोन प्रशिक्षित माणसं सहा-आठ तास शेजारी बसतात. नंतर कित्येक बैठकांत त्या अनुभवावर बोलणं होतं. अळिंबी पोटात गेली की शरीर सायलोसायबिनचं सायलोसिन करतं, ते मेंदूतल्या सेरोटोनिनच्या विशिष्ट ग्राहींना चिकटतं आणि चार ते सहा तास माणसाचं काळाचं, ‘मी’पणाचं भान बदलतं. त्या तासांत काय निघेल हे आधी सांगता येत नाही. ३०१ने जे घर पोलिसांपासून मोकळं केलं, त्या घरात ही खोली नव्हती. मोहिमेने चाचण्यांचा दाखला दिला आणि नियम मात्र चाचण्यांशी संबंध नसलेल्या वापराचा होता. त्यांचा हेतू मला प्रामाणिक वाटतो, पण युक्तिवादातली ही फट खरी आहे. मी त्या शहराचा मतदार असतो तर ‘हो’ म्हटलं असतं, आणि म्हणताना ही फट मनाला खुपली असती.

विरोध

महापौर मायकेल हॅन्कॉक विरोधात होते. सरकारी वकील बेथ मॅकॅन यांचाही विरोध होता. कोलोराडो ख्रिश्चन युनिव्हर्सिटीच्या सेन्टेनिअल इन्स्टिट्यूटचे जेफ हंट हे सगळ्यात जास्त बोलले. गांजानंतर आता हेही आलं तर हे शहर अमली पदार्थांचं शहर म्हणूनच ओळखलं जाईल, असा त्यांचा सूर होता. ‘गांजाने सुरू झालं, आता इथवर आलं’ ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. शहराच्या मध्यभागी दुकान चालवणाऱ्या, पोरं वाढवणाऱ्या माणसाने ती बोलून दाखवली तर तिच्यामागे अनुभव असतो.

तरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ३०१च्या विरोधात पैसा आणि कार्यकर्ते घेऊन उभी राहिलेली मोहीम नव्हती. ती शेजारच्या प्रश्नावर होती. ३०० क्रमांकाचा प्रश्न बेघरांना सार्वजनिक जागेत झोपण्याचा हक्क देण्याचा होता. त्याविरुद्ध वीस लाख डॉलरहून जास्त निधी उभा राहिला आणि साधारण पाचपैकी चार मतदारांनी तो फेटाळला. एकाच दिवशी, एकाच कागदावर त्याच मतदारांनी रस्त्यावर झोपणाऱ्याला जागा नाकारली आणि अळिंबी खाणाऱ्याला मोकळं सोडलं. डेन्व्हरला ‘उदारमतवादी शहर’ म्हणून मोकळं होणाऱ्यांनी हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत. माझा समज असा, की घराच्या आत, दाराआड कुणी काय करतं याकडे दुर्लक्ष करायला मतदार तयार होतो; फुटपाथवर जे दिसणार आहे त्याबद्दल तो तयार नसतो. ३०१ने मागितलं ते न दिसणारं होतं.

ज्यांना कुणी विचारलं नाही

या सगळ्या चर्चेत एक गाव क्वचितच आलं. मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातलं हुआउत्ला दे हिमेनेझ. तिथल्या मासातेक लोकांत अळिंबी हा रात्रीच्या विधीचा भाग. आजारी माणसासाठी, हरवलेल्याचा ठाव लावण्यासाठी. मारिया साबिना ही तिथली जाणती बाई. १९५५मध्ये न्यूयॉर्कचा बँकर गॉर्डन वॉसन तिच्याकडे गेला, तिच्या विधीत बसला आणि मे १९५७मध्ये ‘लाइफ’ मासिकात त्याने ते लिहिलं. लेखात तिचं नाव बदललं होतं, तरी गाव शोधून काढायला लोकांना वेळ लागला नाही. स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी १९५८मध्ये त्या अळिंबीतलं सायलोसायबिन वेगळं केलं. साठच्या दशकात परदेशी तरुणांच्या झुंडी हुआउत्लाला धडकल्या. पोलीस आले. गावकऱ्यांनी दोष मारियाला दिला. तिचं घर जाळलं गेलं.

आज नैराश्यावरच्या उपचाराची जी भाषा आहे, ती त्या घरातून निघालेल्या ज्ञानावर उभी आहे. डेन्व्हरच्या मतपत्रिकेत त्या लोकांचा उल्लेख असण्याचं कायदेशीर कारण नव्हतं, हे मला कळतं. तरी ज्या वस्तूचा प्रश्न मतदारांपुढे ठेवला, ती कुठून आली हे मोहिमेच्या पत्रकांत पहिल्या ओळीत असायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

नंतरची तीन वर्षं

समिती नेमली गेली. पोलीस, सरकारी वकिलांचं कार्यालय, नगरसेवक आणि मोहिमेतली माणसं एका टेबलाभोवती बसली. मॅथ्यूज त्यात होता. नोव्हेंबर २०२१मध्ये समितीने आपलं म्हणणं नगर परिषदेपुढे मांडलं: गुन्हा न मानल्यामुळे सार्वजनिक आरोग्याला किंवा सुरक्षिततेला लक्षणीय धोका झाल्याचं दिसत नाही. अळिंबी घेऊन घाबरलेल्या, गोंधळलेल्या माणसाकडे बोलावलं जातं तेव्हा पोलीस आणि रुग्णवाहिकेतल्या लोकांनी काय करावं याचं प्रशिक्षण द्यावं, आकडेवारी नीट ठेवावी, आणि पैसे न घेता दिलेल्या अळिंबीलाही नियमात जागा द्यावी, अशा शिफारशी होत्या. संपूर्ण ३०१मधली सगळ्यात मोलाची गोष्ट मला ही समितीच वाटते. मतदानाच्या वेळी तिच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. आधी करा, मोजा, मग सांगा, असं मतपत्रिकेवरच लिहून टाकणारे प्रस्ताव फार थोडे असतात.

मर्यादाही लगेच दिसल्या. निकालानंतर काही महिन्यांतच डेन्व्हरमधल्या एका तरुणाने आपण अळिंबी वाढवून विकतो हे बातमीदारापाशी सांगितलं, आणि केंद्राच्या डीईए या अमली पदार्थविरोधी संस्थेने त्याच्या घरावर छापा घातला. शहराचा नियम त्याला वाचवू शकला नाही; वाचवणारही नव्हता, कारण विक्री त्यात कधीच नव्हती. पुढे २०२२मध्ये एका रब्बीवर, म्हणजे ज्यू धर्मगुरूवर, राज्याच्या कायद्याखाली गंभीर गुन्हा दाखल झाला. तो आपल्या समुदायाच्या धार्मिक विधींसाठी अळिंबी पिकवत असे. आठ ते बत्तीस वर्षांची शिक्षा होऊ शकेल असा तो आरोप होता.

त्याचं काय झालं ते पुढच्या मतदानाशी जोडलेलं आहे. ८ नोव्हेंबर २०२२ला कोलोराडोभर १२२ क्रमांकाचा प्रस्ताव मतदानाला आला आणि सुमारे ५३.६ टक्के मतांनी मंजूर झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच सरकारी वकिलांनी रब्बीवरचे आरोप मागे घेतले. पण १२२ म्हणजे ३०१ची मोठी आवृत्ती नव्हती. ३०१ एका पानाचं होतं, हे पुस्तक होतं. प्रौढांनी बाळगणं, वाढवणं आणि एकमेकांना विनामोबदला देणं राज्यभर गुन्हा राहिलं नाही. सायलोसायबिनसोबत डीएमटी, इबोगेन आणि मेस्कलिन ही वनस्पतींत सापडणारी, भान बदलणारी द्रव्यंही आली. मेस्कलिनमधून पेयोटे हे निवडुंग मात्र वगळलं, कारण ते मूळनिवासी अमेरिकनांच्या धर्माचं आहे आणि रानातून झपाट्याने कमी होत चाललं आहे. आणि वरून परवानाधारक ‘उपचार केंद्रं’ उभी करायची होती.

इथे मॅथ्यूज पुन्हा पुढे होता, पण या वेळी राष्ट्रीय पातळीवरच्या देणगीदारांचा मोठा निधी सोबत होता. आणि विरोध आतून आला. अळिंबीसाठी वर्षानुवर्षं काम करणाऱ्या काही स्थानिकांनी सांगितलं, की केंद्रं आली म्हणजे कंपन्या येतील, आणि सामान्य माणसाला परवडणार नाही असा उपचार उभा राहील. त्यांना मी वेडे म्हणणार नाही. ओरेगन राज्याने २०२०मध्ये १०९ क्रमांकाच्या प्रस्तावाने अशी केंद्रं आधीच मान्य केली होती, ५५.७ टक्के मतांनी. २०२३मध्ये ती सुरू झाली तेव्हा एका बैठकीचा खर्च सहज हजार डॉलरच्या वर गेला. ज्या खचलेल्या माणसांचं नाव घेऊन मतं मागितली, त्यांतल्या अनेकांना ते दार बंदच राहिलं.

मॅसॅच्युसेट्समध्ये नोव्हेंबर २०२४ला याच विषयावरचा ४ क्रमांकाचा प्रश्न मतदानात पडला. ‘नाही’ची मतं सुमारे ५७ टक्के. गांजा २०१६मध्येच मान्य करणारं, डेन्व्हरइतकंच मोकळं समजलं जाणारं हे राज्य. तिथे प्रश्नात सगळं एकत्र बांधलं होतं: परवानाधारक केंद्रं, पाच पदार्थ, आणि घरी बारा फूट लांब, बारा फूट रुंद जागेत लागवड करण्याची मुभा. केंद्रं चालतील म्हणणाऱ्याला घरची लागवड नको होती, आणि घरची लागवड हवी असणाऱ्याला केंद्रं खटकत होती. दोघांनीही ‘नाही’ म्हटलं असेल तर नवल वाटायला नको. बारा फुटांची ती खोली विरोधकांच्या प्रत्येक भाषणात होती.

डेन्व्हरच्या त्या पानाकडे परत गेलं की त्याची ताकद कळते. ३०१ने थोडंच मागितलं. जे मागितलं ते एका माणसाला शेजाऱ्याला समजावून सांगता येईल असं होतं: याला तुरुंगात टाकू नका. एवढं थोडं मागूनही ते जेमतेम पास झालं.

आपल्या माणसांसाठी दोन शब्द

कोलोराडोत, विशेषतः डेन्व्हर आणि बोल्डरच्या पट्ट्यात, मराठी कुटुंबं आणि विद्यार्थी बरेच आहेत. ‘इथे आता चालतं’ असं त्यांच्यातल्या तरुणांच्या तोंडी सहज येतं, म्हणून हे लिहिणं भाग आहे. शहराने आणि राज्याने गुन्हा मानायचं सोडलं तरी व्हिसा, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व हा केंद्राचा विषय आहे, आणि केंद्राच्या कायद्यात सायलोसायबिन आजही पहिल्या सूचीत आहे. जो नागरिक नाही त्याने इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यापुढे किंवा दूतावासातल्या मुलाखतीत नुसतं ‘हो, घेतलं होतं’ असं कबूल केलं, तरी त्याचा प्रवेश नाकारला जाऊ शकतो. त्यासाठी शिक्षा झालेली असावी लागत नाही. म्हणजे एकाच घरात, एकाच टेबलावर बसलेल्या दोन मित्रांपैकी ज्याच्याकडे अमेरिकन पासपोर्ट आहे त्याच्यासाठी ३०१चा एक अर्थ आहे, आणि विद्यार्थ्यांच्या एफ-१ किंवा नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असलेल्यासाठी दुसरा. मतपत्रिकेवर हे लिहिलेलं नव्हतं. मत देण्याचा हक्क ज्यांना नव्हता, धोका त्यांच्या वाट्याला जास्त आला.

भारतात तर प्रश्नच नाही. सायलोसायबिन १९८५च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहे. कोडाईकनालला फिरायला गेलेल्यांना ते कुणी हळूच विकायला आणतं म्हणून ते चालतं असं नव्हे.

आणि रानात जाऊन खुडण्याचा मोह कुणाला होत असेल तर आपल्याकडच्या पावसाळ्यात अळिंबी खुडणाऱ्या बायकांना विचारावं. वारुळावरची खाण्याची अळिंबी आणि शेजारचीच विषारी, यांतला फरक त्यांनाही आईकडून, आजीकडून शिकावा लागतो. सायलोसायबिन असलेल्या काही जातींसारखीच दिसणारी गॅलेरिना नावाची छोटी तपकिरी अळिंबी यकृत निकामी करते. कुठल्याही मतदानाने ती वेगळी ओळखता येत नाही.

२०२५मध्ये डेन्व्हरमध्ये पहिल्या परवानाधारक उपचार केंद्राला मान्यता मिळाली. तिथे प्रशिक्षित माणूस शेजारी बसतो, आणि त्याचे पैसे द्यावे लागतात. त्याच शहरात मित्राने घरी वाढवलेली अळिंबी फुकट दिली तर घेता येते, मग शेजारी कुणी बसो न बसो. पैसे देऊन ती विकत घेता येईल असं दुकान मात्र कुठेच नाही. मे २०१९मध्ये ज्या दोन हजार जास्तीच्या मतदारांनी ‘हो’वर खूण केली, त्यांना या तिन्हींपैकी नेमकं काय हवं होतं, हे त्या कागदावर विचारलेलंच नव्हतं.